मधली तीस वर्षे

उस्ताद अब्दुल करीमखाँ यांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे कालानुक्रमाने ऐकायला बसले की लवकरच एका मोठ्या पोकळीपाशी थांबावे लागते. त्यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या आहेत. तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. ज्या तबकड्यांमुळे त्यांचे नाव मराठी घरांत रुजले, त्या मात्र १९३४ ते १९३६ या काळातल्या, म्हणजे साठीनंतरच्या. या दोन काठांच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षे आहेत, आणि त्यांतल्या गाण्याचा ध्वनी आपल्यापाशी नाही. एका थोर गायकाचा तरुण आवाज आपण ऐकू शकतो, वृद्ध आवाज ऐकू शकतो. ज्याला आपण एरवी माणसाच्या कर्तृत्वाचा काळ म्हणतो, तेवढाच ऐकू शकत नाही.

असे सांगितले की रसिक माणूस हळहळतो. मीही पुष्कळ वर्षे हळहळत असे. आता त्या हळहळीपेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: त्या तीस वर्षांत जे घडले, ते मुद्रित होण्याजोगे होते का?

प्रथम त्या दोन काठांविषयी. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात, फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाच्या हातून. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून गायचे, त्याच्या आवाजाच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि मेणावर रेघ उमटायची. आवाज कमी पडला तर रेघ उथळ, अधिक झाला तर विदीर्ण. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जात. तेथल्या कामगारांना हिंदुस्थानी नावे कशी कळणार? म्हणून गाणे संपता संपता गायकाने आपले नाव मोठ्याने सांगायचे, अशी पद्धत पडली. गौहरजानची ती इंग्रजीतली उद्घोषणा अनेकांनी ऐकली असेल. एकूण प्रकार असा की कर्णा नाजूकपणाला प्रतिकूल आणि जोराला अनुकूल होता.

सांगलीतल्या एका वृद्ध संग्राहकांच्या घरी मी खाँसाहेबांच्या त्या पहिल्या तबकड्यांपैकी काही ऐकल्या. लाखेच्या तबकडीवर सुईची खरखर इतकी की कानाला आधी ती वजा करण्याची सवय लावावी लागते. ती लागल्यावर जो आवाज पुढे येतो, तो किराणा घराण्याविषयी आपल्या मनात असलेल्या चित्राशी जुळत नाही. आवाज भरघोस आहे, तान वेगवान आहे, आणि तीन मिनिटांच्या आत आपल्याला येते ते सारे दाखवून टाकण्याची तरुण ईर्षा तीत आहे. यात कर्ण्याची सक्ती किती आणि वयाची ओढ किती, हे वेगळे करता येत नाही. संग्राहक आजोबांचे मत स्पष्ट होते: "हे खाँसाहेब अजून खाँसाहेब झालेले नाहीत." मला ते मत थोडे कठोर वाटले, पण त्याच्या उलट बाजूने वाद घालण्याइतके माझ्यापाशी काही नव्हते.

त्यानंतर उत्तरकाळातल्या तबकड्या. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले होते, मायक्रोफोन आला होता. हलका, अंतर्मुख स्वर टिपणे आता शक्य झाले होते. हे यंत्र जणू या आवाजाचीच वाट पाहत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. भैरवीतले 'जमुना के तीर', झिंझोटीतली ठुमरी, वसंतातली बंदिश, खरहरप्रियेतली त्यागराजांची कृती, आणि 'मानापमान' नाटकातले 'चंद्रिका ही जणू' हे मराठी पद. कैरान्यात जन्मलेला, उर्दू-हिंदी बोलत वाढलेला एक मुसलमान गवई खाडिलकरांचे पद देवगंधाराच्या अंगाने गातो आणि त्याच सुमारास कर्नाटक संगीतातली तेलुगू रचनाही गातो, या गोष्टीचे त्या काळी कोणाला फारसे नवल वाटले नसावे. आपल्याला वाटते, यात आपल्या काळाविषयीच काही कळते.

या सगळ्या मुद्रणांची लांबी पूर्वीइतकीच, तीन-सव्वातीन मिनिटांची. यंत्र सुधारले तरी तबकडीचा व्यास वाढला नव्हता. तरीही पहिल्या मुद्रणांतली घाई येथे औषधालाही सापडत नाही. एका स्वरावर ते थांबतात आणि आपल्याला वाटते की यांच्यापाशी सारी रात्र मोकळी आहे. तीन मिनिटांत काय काय बसवता येईल, असा तरुण गायकाचा प्रश्न होता. वृद्ध गायकाने तो सोडून दिला आहे. काय गाळले असता उरलेले पूर्ण राहील, एवढेच तो पाहतो. हा बदल यंत्राने घडवलेला नाही. यंत्राने फार तर तो आपल्यापर्यंत पोहोचवला. तो घडला मधल्या तीस वर्षांत.

त्या वर्षांचा वृत्तान्त बराचसा उपलब्ध आहे, तो प्रामुख्याने त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी मराठीत लिहिलेल्या विस्तृत चरित्रामुळे. शिष्याने लिहिलेल्या चरित्राचे सारे गुणदोष त्यात आहेत, आणि वाचकाने ते ध्यानात ठेवूनच वाचावे. पण कामाची मुख्य रेषा निर्विवाद आहे. १८७२ साली कैरान्यात जन्मलेले अब्दुल करीम तरुणपणी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दरबारात आले. तेथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढचे आयुष्य मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे असे दक्षिणेकडे सरकत गेले. मिरजेत प्लेगने ग्रासले असता ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा म्हणून गायन केले आणि ते बरे झाले, असे सांगतात. अशा कथांवर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या वृत्तीवर सोपवावे. मिरजेशी त्यांचे नाते मात्र तेव्हापासून शेवटपर्यंत तुटले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थ्यांकडून ते शुल्क घेत नसत. मुले घरातच राहत, घरातच जेवत. खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब शिष्यांसह तिकीट लावून जलसे करीत. या जलशांत त्यांनी शिकवलेला टिपू नावाचा कुत्राही सुरात सूर मिळवी, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि गंभीर लेखात ती सांगण्याचा संकोच होत असला तरी मी ती मुद्दाम सांगतो. विद्यालय चालवणाऱ्या माणसाला अन्नधान्याचे पैसे उभे करण्यासाठी काय काय करावे लागते, हे ज्याने शाळा चालवली आहे त्यालाच ठाऊक असते. उत्तम कलावंताचे किती दिवस अशा धावपळीत गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही तबकडीवर नाही.

याच वर्षांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी सेवेतले अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे भारतीय श्रुतींचे मापन करीत होते. तारेची लांबी मोजायची, तिचे गुणोत्तर काढायचे आणि गायकाच्या प्रत्यक्ष स्वराशी ते ताडून पाहायचे, असे ते काम. त्यासाठी ज्या कंठाचा आधार घेतला गेला, तो अब्दुल करीमखाँचा. मला या घटनेचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. मधल्या काळातला त्यांचा आवाज लाखेवर उमटला नाही. तो मोजपट्टी म्हणून वापरला गेला, आकड्यांच्या रूपाने एका ग्रंथात गेला. एका पिढीने स्वराचे सत्य ठरवताना ज्याच्या गळ्यावर भिस्त ठेवली, त्याच्या त्या वेळच्या गळ्याचा नमुना मात्र आपल्यापाशी नाही.

मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारे भोपळे, तबली, दांडी, खुंट्या आणि शेवटी जवारी असा तंबोऱ्याचा प्रवास तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. खाँसाहेबांना वाद्यांची दुरुस्ती स्वतः करण्याचा नाद होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी एका कारागिराला जवारी काढताना बराच वेळ पाहिले आहे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा किंचित घासायचे. घासणे क्षणाचे आणि ऐकणे मिनिटाचे. ते काम पाहताना, उत्तरकाळातल्या तबकड्यांवरच्या त्या थांबलेल्या स्वराचा उगम कोठे असेल, याचा थोडा अंदाज मला आला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. शिकवणे हे असे काम आहे की ज्याचे फळ दुसऱ्या माणसाच्या ठिकाणी दिसते. गायकाची मैफल मुद्रित करता येते, कारण तिचे फळ तिच्यातच आहे. तालमीचे तसे नाही. सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया, आणि असे महिनोन्‌महिने, ही किराणा परंपरेतली शिस्त सर्वश्रुत आहे. समजा, अशा एखाद्या सकाळचे ध्वनिमुद्रण आपल्या हाती आले. त्यात काय असेल? एक आवाज षड्ज लावील, दुसरा तो लावू पाहील, आणि चुकेल. पहिला पुन्हा लावील. सबंध सकाळीत श्रोत्याने वाहवा म्हणावी असा एकही क्षण कदाचित असणार नाही. तरीही सवाई गंधर्व घडले ते अशाच सकाळींतून. कुंदगोळचे रामचंद्र गणेश सौंशी, म्हणजेच सवाई गंधर्व, आठ वर्षांच्या बोलीवर खाँसाहेबांजवळ राहिले, आणि जो गळा प्रारंभी फारसा अनुकूल नव्हता असे सांगतात, तो त्या बोलीने घडवला.

हा विचार केवळ तर्काने चालवण्याची माझी इच्छा नाही. त्याला इतिहासाची साक्ष आहे. गदगला राहणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या कानावर अब्दुल करीमखाँची तबकडी पडली आणि असे गाणे आपल्याला यायला हवे, या ध्यासाने तो घर सोडून निघाला. भीमसेन जोशींची ही हकीकत मराठी वाचकाला मी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पण तिचा उत्तरार्ध आपण पुरेशा लक्षपूर्वक वाचत नाही. तबकडीने त्या मुलाला उत्तर हिंदुस्थानभर फिरवले. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी वणवण करून तो अखेर जिथे पोहोचला ते कुंदगोळ त्याच्या घरापासून फार दूर नव्हते. तेथे सवाई गंधर्व होते. जे गाणे त्याने तबकडीवर ऐकले होते ते त्याला तबकडीने शिकवले नाही. त्या तबकडीच्या गायकाने बऱ्याच वर्षांपूर्वी ज्याला शिकवले होते, त्याने ते शिकवले.

ध्वनिमुद्रणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका हकीकतीत इतकी स्पष्ट आहे की तिच्यावर आणखी भाष्य करण्याचा मोह टाळावा हे बरे. एवढेच म्हणतो, की तबकडी तहान लावते. ती क्षुद्र गोष्ट नव्हे. तहान लागलीच नसती तर कुंदगोळची विहीर तिथल्या तिथे राहिली असती.

माझा स्वतःचा गाण्याशी संबंध सामान्य विद्यार्थ्याचा. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात किराणा परंपरेतल्या एका बाईंकडे मी काही वर्षे शिकलो. गाता यावे इतके शिकलो नाही. ऐकता यावे इतके कदाचित शिकलो. बाईंच्या मैफली फारशा झाल्या नाहीत. घरची परिस्थिती, दोन मुली, आजारी सासूबाई, आणि सकाळ-संध्याकाळच्या शिकवण्या. आकाशवाणीवर त्यांचे काही कार्यक्रम झाले असतील, पण त्यांच्या फिती कोणी जपून ठेवल्या नाहीत. बाई गेल्यावर आम्ही शिष्यांनी त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण मिळते का, याचा शोध घेतला. अखेर एका विद्यार्थिनीकडे एक कॅसेट सापडली. सरावासाठी तिने केलेले ते एका शिकवणीचे मुद्रण होते.

ती कॅसेट ऐकायला आम्ही जमलो तेव्हा प्रत्येकाची अपेक्षा निराळी होती. कोणाला बाईंचा मुलतानी ऐकायचा होता, कोणाला भैरवी. प्रत्यक्षात तीत बाई जवळजवळ गातच नाहीत. विद्यार्थिनी गाते, बाई मध्येच थांबवतात, "कोमल ऋषभ खाली घे," म्हणतात, दोन स्वर लावून दाखवतात, आणि पुन्हा गप्प होतात. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. एकदा बाई कोणाला तरी दूध उतरवायला सांगतात. आमच्यातला एकजण काहीसा निराश होऊन म्हणाला, "यात बाई कुठे आहेत?" प्रश्न रास्त होता. मला मात्र, कोमल ऋषभ लावून बाई ज्या क्षणी गप्प झाल्या, त्या क्षणी त्या जशा आठवल्या तशा एरवी आठवत नाहीत. शिकवणाऱ्याचे कौशल्य कोठे थांबायचे यात असते, आणि ते मुद्रणात केवळ मौन म्हणून उमटते. ज्याने त्या मौनाखाली बसून काही वर्षे काढली आहेत, त्यालाच ते ऐकू येते.

अर्थात हा युक्तिवाद ताणला तर तो आळसाचे समर्थन होईल, हे मला कळते. ज्यांच्या गायनाचे मुद्रण झाले नाही त्यांचे काम तरीही परंपरेत जिवंत आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे असते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गाणे आपल्याला ऐकायला मिळत नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गळ्यांतून ते अंशतः पुढे आले, हे खरे. पण त्या दोघांना ऐकून बुवांचे गाणे जुळवून घेता येईल, असे कोणताही विवेकी श्रोता म्हणणार नाही. हरवले ते हरवलेच. परंपरा सारे सांभाळते, हा आपल्याकडचा एक सुखद गैरसमज आहे. ती निवड करते, बदल करते, आणि कित्येकदा नकळत टाकूनही देते.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. प्रत्येक शिकवणीत मांडीवर फोन असतो आणि त्यातला तांबडा ठिपका चालू असतो. परगावच्या, परदेशातल्या विद्यार्थ्यांना याचा केवढा लाभ होतो, हे मी पाहिले आहे. सिडनीत राहणारी एक मुलगी पुण्यातल्या गुरूंची तालीम रात्री पुन्हा पुन्हा ऐकून बसवते, आणि नेटाने बसवते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. पण ज्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की हे सारे फोनमध्ये आहे, तो त्या क्षणी ते स्मरणात धरण्याचा भार स्वतःवर घेत नाही. पूर्वीच्या शिष्याला दुसरा मार्गच नव्हता. उद्या सकाळी गुरू हेच विचारणार, आणि ते आपल्याच ठिकाणी सापडले पाहिजे, या धास्तीने तो रात्रभर ती जागा मनात घोळवीत असे. त्या घोळवण्यातच ती जागा थोडी त्याची होत असे. मुद्रणाने स्मृतीचे रक्षण केले, आणि स्मरण करण्याच्या कष्टातून मुक्तही केले. या दोन गोष्टींची किंमत एकाच खात्यात मांडता येत नाही.

चरित्रलेखनालाही काठांचेच आकर्षण असते. खाँसाहेबांच्या बाबतीत बालपणीच्या असामान्य तयारीच्या कथा आहेत, आणि मृत्यूची कथा तर विलक्षणच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगापेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवला, दरबारीच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना केली, आणि २७ ऑक्टोबरला तेथेच देह ठेवला. पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरात दफन झाले. ही हकीकत ज्याने ज्याने सांगितली त्याने ती मन लावून सांगितली आहे, आणि तशी ती सांगितली जाणारच. पण एका फलाटावरच्या काही घटकांनी तीस वर्षांच्या शिकवण्यांवर, जलशांवर आणि तंबोऱ्यांवर सावली धरावी, हे मला न्याय्य वाटत नाही. मृत्यू सुंदर होता म्हणून जीवनाचा अर्थ त्यात शोधायचा, ही एक प्रकारची बौद्धिक सोय आहे.

आणि ती मधली वर्षे काही निर्मळ तपश्चर्येची नव्हती. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पाच मुले. घरात जी अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकिना म्हणून ओळखली जात, ती जगासमोर सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या नावांनी आली. पाचवे अपत्य कृष्णराव माने. त्या घरात काय घडले, दोष कोणाचा होता, हे बाहेरच्याने ठरवण्याचे कारण नाही. पण एवढे म्हटले पाहिजे की जो माणूस परक्यांच्या मुलांना घरात ठेवून विनामूल्य विद्या देत होता, त्याच्या स्वतःच्या मुलांचे घर त्याच काळात दुभंगले. एका कर्तव्याचे माप भरताना दुसरे रिते होते, आणि बहुतेक वेळा रित्या मापाची किंमत तिसराच कोणी भरतो.

येथे ती ताराबाईंनी भरली. विभक्त झालेल्या स्त्रीला, त्यातही आंतरधर्मीय संबंधातून निर्माण झालेल्या कुटुंबाला, त्या काळच्या समाजात कोणता सन्मान मिळणार होता? तरीही मुलांचे गाणे थांबले नाही. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम प्रारंभी मिळाली होती. पुढे त्यांना आणि हिराबाईंना अब्दुल वहीदखाँ यांचे मार्गदर्शन लाभले. हिराबाईंनी नाटक मंडळी चालवली, स्त्रीने तिकीट लावून सभागृहात सभ्यपणे गायचा प्रघात रूढ केला, आणि त्यांच्या तबकड्या वडिलांच्या उत्तरकाळातल्या तबकड्यांच्याच दशकात घरोघरी वाजत होत्या. दोन्ही एकापाठोपाठ ऐकाव्यात. स्वर लावण्याची तीच रीत, तेच मार्दव, शब्दाला हळुवार स्पर्श करून सोडण्याची तीच पद्धत. वडिलांजवळ बसून शिकण्याची संधी या मुलीला फारशी मिळाली नव्हती, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडून ती गायकी प्रभा अत्रे यांच्यापर्यंत आली; २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तोपर्यंत ती आपण प्रत्यक्ष ऐकत होतो.

घराण्याचा वंशवृक्ष काढण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. संगीतविषयक पुस्तकांत अब्दुल करीमखाँ यांच्या नावाखाली एक रेघ सवाई गंधर्वांकडे जाते, एक रोशनआरा बेगमकडे, एक सुरेशबाबू-हिराबाईंकडे. या शेवटच्या रेघेविषयी माझी एक साधी सूचना आहे. ती थेट पित्यापासून मुलांपर्यंत ओढू नये. विद्या केवळ त्या मार्गाने आली नाही. तिचा काही भाग वहीदखाँच्या हातून आला, काही सुरेशबाबूंच्या, आणि ती येऊ शकली, कारण एका स्त्रीने घर मोडल्यावरही घरातला रियाज मोडू दिला नाही. वृक्षात तिला स्थान द्यायचे तर शिष्य, गुरू, पुत्र, कन्या हे रकाने अपुरे पडतील. मग रकाने बदलावेत. संपादकांना ते कठीण जाऊ नये.